पुन्हा अरुंद होणारी वाट



बंगळुरूत स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत. अशाच काही कुटुंबांची महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठीत उपासना होते. एका संध्याकाळी उपासना आटोपून चहा चालला असता आमच्यातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी पाळकसाहेबांपुढे एक प्रश्न मांडला. हे गृहस्थ तरुणपणी नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी येथे आले आणि येथेच निवृत्त झाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी फुगा घालून उघडण्यात आली होती. सहा महिन्यांच्या आतच ती पुन्हा अरुंद झाली आणि तीच क्रिया दुसऱ्यांदा करावी लागली. वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून तिच्या भिंतीत जनुके सोडण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनी केले, असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, ज्याने मला आईच्या उदरात घडवले, त्याने लिहिलेल्या अक्षरांत माणसाने खाडाखोड करावी काय?"

पाळकसाहेबांनी घाईने उत्तर दिले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तो प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. त्यावर जे वाचले आणि जे सुचले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम ही क्रिया काय आहे, हे समजून घेऊ. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत मेद, चुना आणि तंतू यांचा थर साचतो आणि रक्ताची वाट चिंचोळी होते. आन्द्रेआस ग्रुंत्सिग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे, आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, बारीक नळीच्या टोकाला बसवायचे फुगे तयार केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी अडतीस वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयवाहिनीत असा फुगा नेऊन फुगवला आणि वाट मोकळी केली. छाती उघडावी लागली नाही. दहा वर्षांनंतरही त्या पहिल्या रुग्णाची वाहिनी उघडीच होती. ग्रुंत्सिग स्वतः मात्र १९८५ मध्ये विमान अपघातात गेले. पुढे अमेरिकेतील अटलांटा येथे ग्रुंत्सिग यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कळरिक्कल यांनी चेन्नईत हे तंत्र सुरू केले आणि भारतात ते रुजवणाऱ्यांमध्ये ते अग्रणी ठरले.

पहिल्या रुग्णाचे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. फुगा वाहिनीतील थर विरघळवीत नाही, तो फोडतो. थर चिरतो, वाहिनीची भिंत ताणली जाते, आतले नाजूक अस्तर खरवडून निघते. थोडक्यात, ती हेतुपुरस्सर केलेली एक जखम असते, आणि शरीर कोणत्याही जखमेचे जे करते तेच तिचेही करते. भिंतीच्या मधल्या थरात एरवी निवांत असलेल्या स्नायुपेशी जाग्या होतात, एकीच्या दोन होऊ लागतात, आतल्या बाजूस सरकतात आणि तेथे वण धरतो. ताणलेली भिंतही पुन्हा आकसते. नुसता फुगा वापरीत असत त्या काळात दर दहा रुग्णांपैकी तीन-चार जणांची वाहिनी सहा महिन्यांच्या आत अशी पुन्हा अरुंद होई.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ही पुन्हा येणारी अरुंदता मूळ रोगाहून वेगळी आहे. ती बरे होण्याचीच क्रिया आहे, केवळ मर्यादा न ओळखणारी. पडून खरचटलेले मुलाचे ढोपर ज्या देणगीने आठवड्यात भरून येते, त्याच देणगीने त्याच्या आजोबांच्या हृदयाची वाट बुजते. निर्माणकर्त्याने दिलेली शक्ती येथे खोटी ठरली नाही. त्याने कधी न योजलेल्या जागी, म्हणजे माणसाने फुग्याने केलेल्या जखमेत, ती आपले नेहमीचे काम इमानाने करीत आहे. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथेच मिळते. शरीर जे जे आपोआप करते ते ते देवाची इच्छा म्हणून स्वीकारावे, असे मानले तर ताप उतरवणेही पाप ठरेल.

आता जनुकांकडे वळू. जनुक म्हणजे पेशीला दिलेली लेखी सूचना: काय तयार करावे, केव्हा वाढावे, केव्हा थांबावे. १९९० साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एलिझाबेथ नेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीवाटे डुकरांच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत जनुके नेऊन सोडली आणि ती तेथे काम करतात हे दाखवून दिले. वाट पुन्हा अरुंद होते त्या नेमक्या जागी, नेमक्या वेळी, पेशींना "आता थांबा" अशी सूचना देता येईल, ही आशा त्यातून जन्मली. काहींनी पेशींची वाढ रोखण्याचा विचार केला. दुसऱ्या काहींचा विचार मला अधिक मनोहर वाटतो. भरून येणे थांबवू नये, उलट खरवडलेले अस्तर लवकर भरून यावे अशी सूचना द्यावी, म्हणजे आतल्या पेशींना वाढण्याचे कारणच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या कामी वापरलेल्या बहुतेक पद्धतींत पेशीच्या मूळ ग्रंथात खाडाखोड होतच नव्हती. ग्रंथाच्या पानांत एखादी चिठ्ठी ठेवावी आणि काही आठवड्यांनी ती गळून पडावी, असे तिचे स्वरूप होते. ती चिठ्ठी त्या माणसाच्या मुलाबाळांपर्यंत जात नाही. पुढच्या पिढ्यांकडे जाणारे जनुकच बदलण्याचा प्रश्न अगदी निराळा आहे. २०१८ साली चीनमधील एका शास्त्रज्ञाने गर्भावस्थेच्या आरंभीच जुळ्या मुलींची जनुके बदलल्याचे जाहीर केले, तेव्हा सर्व जगातून निषेध झाला आणि तो योग्यच होता. कॅथलिक धर्मपीठाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या 'दिग्नितास पर्सोने' या पत्रकात हाच भेद केला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरपेशींवर निव्वळ उपचारासाठी केलेला जनुकोपचार तत्त्वतः नीतीला धरून आहे, परंतु पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल आजच्या स्थितीत नाही, असे ते पत्रक म्हणते. आपल्यापैकी जे त्या मंडळीचे नाहीत त्यांनाही हा भेद पटण्यास अडचण नसावी.

पवित्र शास्त्रात हिज्कीया राजाची गोष्ट आहे. तो मरणाच्या दारी होता, त्याने अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि देवाने त्याला आणखी पंधरा वर्षे दिली. हे आपण अनेक उपदेशांत ऐकलेले असते. परंतु त्याच ठिकाणी यशया संदेष्ट्याने अंजिरांचे पोटीस त्याच्या गळवावर बांधायला सांगितले, हा तपशील उपदेशांत सहसा येत नाही. वचन देणाऱ्या देवाला पोटिसाचा विटाळ वाटला नाही. पोटीस आणि जनुक यांत ज्ञानाचे अंतर पुष्कळ असेल, पण मला जातीचा फरक दिसत नाही.

म्हणून मला असे वाटते की आमच्या स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न दिसतो तितका कठीण नाही. कठीण प्रश्न त्याच्या पाठीमागे उभा आहे.

त्या प्रयोगांचे पुढे काय झाले? हॉलंडमधील रॉटरडॅम येथे पेशींच्या वाढीशी संबंधित एका जनुकाचा आवाज बंद करणारे औषध स्टेंट बसवलेल्या रुग्णांना देण्यात आले. २००२ साली निष्कर्ष आला की त्याने वाट अरुंद होणे कमी झाले नाही. फिनलंडमधील कुओपिओ येथे १०३ रुग्णांवर अस्तर वाढवणाऱ्या जनुकाचा प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि वाहिनीच्या रुंदीत फरक पडला नव्हता. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रियेत जोडलेल्या शिरा बुजू नयेत म्हणून ३,०१४ रुग्णांवर याच जातीचा मोठा प्रयोग झाला, तोही २००५ साली निष्फळ ठरला. विज्ञानात अपयश ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे. पण हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे की प्रत्येक आकडा म्हणजे टेबलावर निजलेला एक माणूस आहे.

त्या माणसाला काय सांगितले गेले होते?

जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा. त्याला यकृताचा एक जन्मजात विकार होता, पण पथ्य आणि औषधे यांवर तो बरा चालला होता. त्याच रोगाने जन्मतःच मरणाऱ्या बाळांना उपयोग व्हावा म्हणून तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनुकोपचाराच्या प्रयोगात स्वखुशीने सामील झाला. ॲडिनोव्हायरस या जातीच्या विषाणूच्या पाठीवरून जनुक त्याच्या शरीरात सोडण्यात आले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबर १९९९ रोजी, तो मरण पावला. आधीच्या रुग्णांना झालेला त्रास आणि प्रयोगातील माकडांचे मृत्यू यांविषयी त्याला व त्याच्या कुटुंबाला पुरेसे सांगितलेले नव्हते, आणि प्रमुख संशोधकाचे त्या व्यवसायात आर्थिक हितसंबंध होते, हे नंतर उघडकीस आले. कुओपिओच्या प्रयोगात काही रुग्णांना दिलेले जनुकही ॲडिनोव्हायरसवरूनच नेले होते.

जेसीने आपले शरीर शेजाऱ्यासाठी दिले, यात काहीच वावगे नव्हते. ते प्रीतीचे कृत्य होते. अन्याय झाला तो त्याच्या प्रीतीचा उपयोग त्याला पूर्ण सत्य न सांगता केला गेला, येथे. आणि येथे मला 'उपचार' हा शब्दच खटकतो. पहिल्या पायरीवरचा जनुकोपचार हा उपचार नसतोच, तो शरीराला विचारलेला एक प्रश्न असतो आणि उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. रुग्णाने "उपचार" ऐकले आणि डॉक्टरांनी "प्रयोग" म्हटले, तर एकाच खोलीत दोन भाषा चालल्या आहेत असे समजावे. आपल्या देशात तर ही अडचण अधिक. तुमच्या-माझ्या घरातील वडीलधारी माणसे कागद न वाचताच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा." भारतात २०१३ सालापासून काही प्रयोगांत संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचा नियम झाला, आणि जनुकोपचारासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही आली. नियम चांगलेच आहेत. पण ज्याच्या छातीत कळ येत आहे त्याला "यात तुमचा फायदा होईलच असे नाही" हे वाक्य शांतपणे, त्याच्या भाषेत, दोनदा सांगणे कोणत्याही चित्रफितीला करता येत नाही.

दरम्यान या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले. प्रथम स्टेंट आले, म्हणजे वाहिनीत बसवायच्या जाळीच्या नळ्या. १९९९ साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथे औषधाचा लेप दिलेले स्टेंट प्रथम माणसांत बसवण्यात आले, आणि पुढच्या काळात पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. तो लेप रापामायसिन या औषधाचा. ईस्टर बेटावरून १९६४ च्या मोहिमेत आणलेल्या मातीतील एका जंतूपासून ते मिळाले. ते शोधणाऱ्यांत प्रमुख होते डॉ. सुरेन सेहगल, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात जन्मलेले आणि कॅनडातील एका औषध कंपनीत काम करणारे शास्त्रज्ञ. कंपनीने ते काम बंद केले, तेव्हा सेहगल यांनी औषधाचा साठा आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवला, आणि काही वर्षांनी त्यावर पुन्हा काम सुरू झाले. पैसा हेच एकमेव माप असते, तर आज लाखो लोकांच्या छातीत असलेले ते औषध केव्हाच कचऱ्यात गेले असते. ज्या बेटाची ती माती, तेथल्या लोकांच्या पदरात मात्र त्यातून काही पडले नाही, हेही सांगितले पाहिजे.

या स्टेंटांनीही शरीराच्या स्वभावाचा पुन्हा एकदा प्रत्यय दिला. पेशींची वाढ रोखणारा लेप अस्तराची वाढही रोखत होता. धातू उघडा राहिला तर त्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोना येथील हृद्रोगतज्ज्ञांच्या परिषदेत या धोक्याची मोठी चर्चा झाली. म्हणून रक्त न गोठू देणाऱ्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने घेणे आले. पुढचे स्टेंट सुधारले. तरी बरे होण्याची क्रिया थांबवायची तर तिचे मोल द्यावे लागते, हे तेथे दिसून आले.

आता मी ज्या प्रश्नाला कठीण म्हणालो त्याकडे येतो. येथे मला बंगळुरूबाहेर जावे लागत नाही. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने १९६३ साली येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. त्या संस्थेतील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवली. २००८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. श्रीमंत रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांची वाहिनी फुग्याने किंवा स्टेंटने उघडण्यात आली. गरिबांपैकी २ टक्क्यांची. तीस दिवसांत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के मरण पावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. आणि मिळालेल्या उपचारांतील तफावत हिशेबातून वजा केली, तेव्हा हा फरक नाहीसा झाला.

हे शेवटचे वाक्य कृपया पुन्हा वाचा. गरिबांचे हृदय अधिक दुबळे होते म्हणून ते अधिक मेले असे नव्हे. जे उपचार अस्तित्वात होते, ज्यांसाठी नवा शोध लागायचा राहिला नव्हता, ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. दोन टक्क्यांची वाट पुन्हा अरुंद होईल की नाही याची चिंता करणे योग्यच. पण ज्या अठ्ठ्याण्णवांची वाट एकदाही उघडली गेली नाही, त्यांच्यासाठी कोणते जनुक शोधावयाचे?

यावर काहीजण म्हणतील, मग महागडे संशोधन बंदच करावे. मला ते पटत नाही. फुगाही एकेकाळी झुरिकच्या स्वयंपाकघरातील चैनच होती. आणि किमती कायमच्या कोरलेल्या नसतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी औषधी स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वर मोजावे लागत असत. एका आदेशाने जे झाले ते कित्येक प्रयोगशाळांना झाले नसते. जनुकोपचाराबाबतही निराश होण्याचे कारण नाही. परदेशात एका मात्रेला कोट्यवधी रुपये पडणारे जनुकोपचार आहेत, हे खरे. पण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, आयडा स्कडर यांनी १९०० साली लावलेल्या रोपाच्या सावलीत, बंगळुरूच्याच 'इनस्टेम' संस्थेचे एक संशोधन केंद्र आहे. तेथील डॉक्टरांनी हिमोफिलिया या रक्त न थांबण्याच्या रोगाच्या पाच रुग्णांवर जनुकोपचार केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की उपचारानंतर त्यांपैकी कोणालाही रक्तस्राव झाला नव्हता. ते काम आपल्याच देशात, आपल्या ऐपतीचा विचार करून चालू आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस पाठ असेल. त्याने जखमी माणसाला तेल व द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. बहुतेक उपदेश येथे थांबतात. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. याहून अधिक खर्च लागला तर परत येताना मी तो फेडीन, असे तो म्हणाला. जखम पुन्हा उघडेल, ताप पुन्हा चढेल, दोन दिनार पुरणार नाहीत, हे त्याने गृहीत धरले होते आणि त्या पुढच्या, न मोजलेल्या खर्चाशीही त्याने स्वतःला बांधून घेतले. वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून प्रयोगशाळेत जागणारा शास्त्रज्ञ मला त्या अधिक खर्चाचा वाटेकरी वाटतो. मात्र शोमरोन्याने तो खर्च देऊ केला तो रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसासाठी. याजक आणि लेवी ज्याच्या बाजूने निघून गेले होते, त्याच माणसासाठी.

हे सर्व मी त्या स्नेह्यांना पुढच्या उपासनेच्या वेळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते बराच वेळ आपल्या कपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माझा पहिला फुगा झाला ना, तेव्हा शेजारच्या खाटेवर रायचूरकडचा एक शेतकरी होता. त्यालाही तेच सांगितले होते. दोन दिवस त्याचा मुलगा पैशांसाठी कोठे कोठे फिरत होता, मग तिसऱ्या दिवशी ते त्याला घेऊन गावी निघाले. जाताना मला हात जोडून गेला." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "सहा महिन्यांनी मी परत तेथेच दाखल झालो, त्याच मजल्यावर. नर्सबाई ओळखीच्या होत्या. त्यांना विचारता आले असते. त्याचे नावसुद्धा मी विचारले नाही."